आरसीसीबी सारखी पडते? बायपास करण्याआधी न्यूट्रल शोधा

जून अर्ध्यावर आला की पुण्यात ही तक्रार ठरलेली. घरातली वीज जाते, शेजाऱ्यांची चालू असते, डीबीचं (घरातल्या वीजवाटपाच्या पेटीचं) झाकण उघडून बघावं तर आरसीसीबीचा, म्हणजे करंटची गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचचा, खटका खाली. वर केला की कधी टिकतो, कधी हात काढायच्या आत पडतो. दोन दिवस काहीच होत नाही आणि मग सकाळी आंघोळीच्या घाईत पुन्हा अंधार. वायरमन येतो तेव्हा सगळं सुरळीत चालू असतं. तो इकडेतिकडे टेस्टर लावतो आणि निघताना म्हणतो, "काका, पावसाचं पाणी उतरलंय कुठंतरी. सध्या बायपास करून देऊ का?" म्हणजे आरसीसीबी वगळून वीज थेट जोडू का.

पाऊस असतोच, पण माझ्या कामात मला जास्त वेळा सापडतो तो न्यूट्रलचा घोळ. फेज करंट घरात आणतो, न्यूट्रल तो परत नेतो, आणि अर्थ गळती जमिनीत नेतो. घर बांधताना, फर्निचर करताना, इनव्हर्टर बसवताना कुणीतरी न्यूट्रल डीबीतल्या चुकीच्या जोडपट्टीवर टाकलेला असतो किंवा कुठंतरी तो अर्थला टेकलेला असतो. तो वर्षभर गप्प बसतो आणि ओल आली, लोड वाढला की तोंड उघडतो. म्हणून पाणी कुठं उतरलं हे शोधायला भिंती फोडण्याआधी पुढचा क्रम करून बघा. बरंचसं काम स्क्रूड्रायव्हरला हात न लावता होतं.

आधी नेमकं काय पडलं ते बघा

फोनवर लोक "मेन पडला" एवढंच सांगतात. डीबीच्या रांगेत सुरुवातीला रुंद मेन स्विच असतो, त्याच्याजवळ 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेलं छोटं बटण असलेली आरसीसीबी, आणि पुढं अरुंद एमसीबींची ओळ, म्हणजे एकेका सर्किटचे, जास्त करंट गेला की पडणारे खटके. जुने वायरमन आरसीसीबीलाच ईएलसीबी म्हणतात, त्यात गोंधळायचं कारण नाही.

अरुंद एमसीबींपैकी एकच पडत असेल तर दुखणं त्या एका सर्किटचं आहे: जास्त लोड किंवा शॉर्ट. एकाच सर्किटवर मायक्रोवेव्ह, इंडक्शन आणि मिक्सर चालत असतील तर तिनं पडायलाच हवं. सोळा अँपिअरची पडते म्हणून पंचविसाची बसवून घेऊ नका. भिंतीतली वायर अडीच चौरस मिलिमीटरचीच असेल, तर एमसीबी तगून राहील आणि तापेल ती वायर.

काहीच पडलं नसेल, पण एका खोलीतले दिवे डोळे दिपवण्याइतके प्रखर आणि दुसऱ्या खोलीतले मंद झाले असतील, पंखे वेड्यासारखे फिरत असतील, तर वाचत बसू नका. मेन स्विच खाली करा. ते मीटर रूममधल्या सैल न्यूट्रलचं लक्षण असू शकतं, त्याबद्दल पुढं लिहिलं आहे.

पडली ती आरसीसीबीच असेल तर तिचं काम दोन ओळींत समजून घ्या, कारण पुढचा सगळा तपास त्यावर उभा आहे. फेजमधून घरात गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट ती एकाच कड्यातून मोजते. दोन्ही सारखे असतील तर ती शांत. घरगुती आरसीसीबीवर ३० मिलिअँपिअर लिहिलेलं असतं. फरक तेवढा झाला की तिनं ०.३ सेकंदाच्या आत पडायचं असतं, आणि मानकाप्रमाणे १५ च्या पुढं ती कधीही पडू शकते. किती लोड आहे याच्याशी तिला देणंघेणं नाही. करंट ओल्या भिंतीतून गेला, माणसाच्या अंगातून गेला की दुसऱ्याच न्यूट्रलवरून परत गेला, हेही तिला कळत नाही. तिच्या कड्यातून परत आला नाही म्हणजे तो हरवला.

हात कुठपर्यंत घालायचा

मीटर, त्याचं सील आणि मीटरच्या आधीची केबल ही वितरण कंपनीची. सील तुटलं तर विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १३५ आणि १३८ पर्यंत प्रकरण जाऊ शकतं, आणि "ट्रिप होत होतं म्हणून उघडून बघितलं" हे उत्तर तिथं चालत नाही. मीटरच्या पुढची केबल, फ्लॅटपर्यंतची लाइन, डीबी आणि घरातलं वायरिंग ही जबाबदारी ग्राहकाची. पण ते कामही परवानाधारक कंत्राटदाराकडून व्हायचं असतं. परवाना मागायला लाजू नका.

घरच्या माणसानं खटके वरखाली करावेत, प्लग काढावेत, टेस्ट बटण दाबावं. डीबीचं आतलं झाकण स्क्रू काढून उघडू नये. मेन स्विच बंद केला तरी त्याच्या वरच्या टोकांना वीज असतेच, आणि घरात इनव्हर्टर असेल तर त्याचा फेज मेन बंद असतानाही जिवंत असतो. मेन बंद आहे म्हणून निर्धास्त हात घालणाऱ्याला बसणारा झटका बऱ्याचदा या इनव्हर्टरचाच असतो.

प्लग काढून करायची तपासणी

सगळ्या एमसीबी खाली करा. आरसीसीबी वर करा. टिकली तर एकेक एमसीबी वर करत जा आणि कोणत्या एमसीबीला ती पडते ते बघा. इथपर्यंत सगळेच सांगतात. गाडी अडते ती पुढं: सगळ्या एमसीबी खाली असूनही आरसीसीबी पडते. लगेच निदान होतं की आरसीसीबीच खराब आहे. नवी आणतात, तीही पडते.

कारण साधं आहे. घरातल्या अरुंद एमसीबी फक्त फेज तोडतात. न्यूट्रल सगळ्या सर्किटांचा एका पट्टीवर कायम जोडलेला राहतो. कुठल्याही सर्किटचा न्यूट्रल अर्थला टेकला असेल, तर एमसीबी खाली करून ते सर्किट खऱ्या अर्थानं सुटतच नाही. म्हणून एमसीबी खाली करणं पुरेसं नाही. प्लगही उपटावे लागतात. स्विच बंद करणंही पुरत नाही, कारण बोर्डावरचा साधा स्विचही एकट्या फेजला तोडतो.

तेव्हा दुसरी फेरी अशी करा: गिझर, वॉशिंग मशीन, फ्रिज, वॉटर प्युरिफायर, ओव्हन, कॉम्प्युटर, टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, सगळ्यांचे प्लग सॉकेटच्या बाहेर. आता टिकली, तर दोष उपकरणात आहे. एकेक प्लग लावत जा, प्रत्येकासाठी थोडा वेळ द्या. प्लग काढूनही आणि एमसीबी खाली असूनही पडली, तर दोष भिंतीतल्या न्यूट्रलमध्ये आहे आणि आता वायरमनला बोलवा. त्याला "ट्रिप होतंय" एवढंच सांगू नका. "सगळ्या एमसीबी खाली, सगळे प्लग बाहेर, तरी पडते" असं सांगा. ज्याला काम येतं तो लगेच म्हणेल की न्यूट्रल एकेक सोडवून अर्थशी तपासतो. जो म्हणेल की आरसीसीबी बदलून बघू, त्याला चहा पाजून पाठवा.

"सगळं बंद आहे, मग करंट येतो कुठून?" हे काका लोक हमखास विचारतात आणि प्रश्न योग्य आहे. न्यूट्रल म्हणजे शून्य व्होल्ट असं आपण धरून चालतो. पण इमारतीची न्यूट्रल केबल सगळ्या फ्लॅटांचा करंट वाहून नेते, आणि सकाळी सातला निम्म्या इमारतीचे गिझर चालू असले की त्या केबलवर दोनचार व्होल्ट चढतात. तुमच्या घरात न्यूट्रल आणि अर्थ कुठं एकमेकांना चिकटले असतील, तर ते व्होल्ट तुमच्या आरसीसीबीच्या न्यूट्रलमधून करंट ढकलतात आणि तो अर्थला निघून जातो. फेजमधून काहीच गेलेलं नाही, न्यूट्रलमधून गेलं, म्हणजे फरक पडला, म्हणजे ती पडली. तुमच्या घरात दिवाही लागलेला नसताना शेजारच्यांच्या गिझरमुळे तुमची आरसीसीबी पडते ती अशी. "रोज सकाळी सात ते आठ, इतर वेळी नाही" अशी तक्रार आली की मी आधी हाच संशय घेतो.

न्यूट्रल-अर्थ चिकटण्याच्या जागाही ठरलेल्या असतात. मॉड्युलर बोर्डाच्या मागं कोंबलेल्या वायरींपैकी एकीची सोललेली टोकं लोखंडी पेटीला टेकतात. फर्निचरवाल्याचा स्क्रू पट्टीतून वायरमध्ये घुसतो. सॉकेटमध्ये अर्थची वायर नव्हती म्हणून कुणीतरी न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात तुकडा टाकून ठेवलेला असतो. हा शेवटचा प्रकार सर्वांत वाईट: न्यूट्रल कुठं तुटला, तर फ्रिजच्या अंगावर थेट २३० व्होल्ट येतात.

इनव्हर्टर आणि उसना न्यूट्रल

ट्रिपचं एक लक्षण लोक विचित्र म्हणून सांगतात: वीज गेलेली असताना काही होत नाही, वीज आली की त्या क्षणी आरसीसीबी पडते. हे विचित्र नाही, इनव्हर्टरच्या जोडणीची ही सही आहे.

सर्वसाधारण फ्लॅटमध्ये इनव्हर्टरची इनपुट एका पॉवर पॉइंटवरून घेतात, त्याचा आउटपुट फेज दिवे-पंख्यांच्या एमसीबींना देतात, आणि न्यूट्रल मात्र वेगळा न काढता डीबीच्या पट्टीवरचा सामाईक वापरतात. इनपुट आणि परतीचा न्यूट्रल दोन्ही एकाच आरसीसीबीच्या खालचे असतील तर हे चालून जातं. गडबड कधी होते? आधीच्या ट्रिपला कंटाळून कुणी इनव्हर्टरची इनपुट आरसीसीबीच्या आधीहून घेतो आणि दिव्यांचा न्यूट्रल खालच्याच पट्टीवर राहू देतो. किंवा घरात दोन आरसीसीबी आहेत, इनपुट एकीवर आणि दिव्यांचा न्यूट्रल दुसरीवर. वीज नसताना करंट इनव्हर्टरमधून निघून दिव्यांमधून इनव्हर्टरलाच परत जातो, आरसीसीबीच्या कड्यातून जातच नाही. वीज आली की फेज एका वाटेनं येतो आणि न्यूट्रल दुसऱ्या वाटेनं जातो. हाच उसना न्यूट्रल. दोन पंखे लागले तरी फरक ३० मिलिअँपिअरच्या कितीतरी पट होतो.

याचं निवारण एकच: इनव्हर्टरवरच्या सर्किटांचे न्यूट्रल पट्टीवरून सोडवून त्यांची स्वतंत्र पट्टी करायची आणि इनव्हर्टरच्या आउटपुट न्यूट्रलला जोडायची. इनपुट कोणत्या आरसीसीबीखाली आहे ते ठरवून डीबीच्या दारावर लिहून ठेवायचं. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण कुठली काळी वायर कुठल्या खोलीची हे शोधण्यातच बराच वेळ जातो. वायरींना नंबर लावण्याची सवय आपल्याकडे कमी. हे काम चालू असेपर्यंत इनव्हर्टर बंद करून बॅटरीची वायर सोडलेली असली पाहिजे.

उसन्या न्यूट्रलचा दुसरा नमुना जिन्यातल्या किंवा पॅसेजमधल्या दिव्यावर दिसतो. दोन फ्लॅट जोडून एक केलेले असतात, दोन मीटर तसेच राहतात, आणि मधल्या दिव्याचा फेज एका मीटरचा, न्यूट्रल दुसऱ्याचा. तो दिवा लावला की दोन्हीकडच्या आरसीसीबी पडतात. अशा वेळी मीटरकडे एकदा बघून या. बऱ्याच सिंगल फेज इलेक्ट्रॉनिक मीटरवर 'ईएल' अक्षरांजवळ छोटा लाल दिवा असतो. मीटरमधून जाणारा फेज आणि न्यूट्रलचा करंट जुळत नसला की तो लागतो. आरसीसीबी बायपास केलेल्या घरात तर हा दिवा महिनोन्महिने लागलेला असतो आणि कुणाचं लक्ष नसतं. असे मीटर दोन्हींतला मोठा करंट धरून युनिट मोजतात, त्यामुळे तो लाल दिवा बिलातही उतरतो.

आता पाऊस

एवढं करूनही कारण सापडलं नाही आणि ट्रिप पावसाशीच बांधलेली असेल, तर पहिला संशय ड्राय बाल्कनीवर. वॉशिंग मशीनचा सॉकेट तिथंच, पावसाचा शिंतोडा तिथंच, आणि बोर्डाला बहुतेक वेळा साधी प्लेट. झाकणाचा, पाणी न शिरणारा सॉकेट लावून घेतला की त्या भिंतीचा प्रश्न बऱ्याचदा तिथंच संपतो. त्यानंतर गच्चीवरचा दिवा, बाहेरचा बेलचा स्विच, एसीच्या बाहेरच्या युनिटचा जोड, बाथरूमचा एक्झॉस्ट. सर्वांत वरच्या मजल्यावर राहत असाल तर स्लॅबमधले पाइप. गच्चीचं वॉटरप्रूफिंग गेलं की पाणी पाइपात साठतं, आणि पाऊस थांबल्यावरही दोन दिवस ट्रिप चालू राहते. पाऊस आणि ट्रिप यांच्यात असं अंतर पडत असेल तर पाणी पाइपात आहे, सॉकेटमध्ये नाही.

गिझर हा वेगळा गडी आहे. उन्हाळाभर बंद असलेल्या गिझरच्या कॉइलमधली भुकटी हवेतली ओल ओढून घेते आणि जूनमध्ये पहिल्यांदा लावला की गळती दाखवते. वाघोली, उंड्रीसारख्या भागांत टँकरचं आणि बोअरचं जड पाणी, त्यामुळे कॉइलवर क्षार चढून तिचं कवच तडकतं. गंमत अशी की गिझर स्विचवर बंद असतानाही तो आरसीसीबी पाडू शकतो: कॉइलचं न्यूट्रलकडचं टोक तडकलं असेल, तर तोच वर सांगितलेला न्यूट्रल-अर्थचा संबंध. म्हणून गिझरला दोन्ही तारा तोडणारा डबल पोल स्विच असावा. वायर चार चौरस मिलिमीटरची, आणि प्लगपेक्षा थेट जोड बरा.

इथं एक धोकादायक उपाय फार चालतो. गिझरची किंवा वॉशिंग मशीनची अर्थची वायर सोडून दिली, किंवा प्लगची तिसरी पिन उपटली, की ट्रिप थांबते. थांबणारच, गळती जायची वाट तुम्ही बंद केली. गळती मात्र आहे तिथंच आहे, ती आता मशीनच्या पत्र्यावर येऊन बसते आणि ओल्या पायांनी कुणी हात लावायची वाट बघते. तिसरी पिन नसलेला प्लग दिसला की तो आधी बदला, बाकी तपास नंतर.

काही घरांत यातलं काहीच सापडत नाही. तीन बेडरूमचं घर, दोन कॉम्प्युटर, दोन एसी, फ्रिज, मशीन, शेगडी, एलईडीचे चालक (ड्रायव्हर). प्रत्येकाची नैसर्गिक गळती थोडीथोडी, आणि सगळ्यांचं ओझं एकाच आरसीसीबीवर. बेरीज दहाबारा मिलिअँपिअरवर आधीच पोहोचलेली असते, तीनचार मिलिअँपिअरची ओल तिला पाडायला पुरते. वायरमनकडे गळती मोजणारा बारीक क्लॅम्प मीटर असेल तर फेज आणि न्यूट्रल एकत्र जबड्यात धरून पाच मिनिटांत आकडा मिळतो. साधा क्लॅम्प मीटर इतका बारीक आकडा नीट दाखवत नाही. इलाज म्हणजे सर्किटं वाटून दोन आरसीसीबी करणं, किंवा ओल्या जागांना स्वतंत्र आरसीबीओ (आरसीसीबी आणि एमसीबी एकातच) देणं. त्याऐवजी १०० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून तक्रार मिटवणारे लोक आहेत. ट्रिप मिटते, पण १०० आणि ३०० च्या आरसीसीबी आगीपासून बचावासाठी असतात. माणसासाठी ३० चीच हवी. नवी घेताना 'ए' टाइप घ्या. इनव्हर्टर एसी आणि नव्या वॉशिंग मशीनमधल्या इलेक्ट्रॉनिक्सची गळती साध्या 'एसी' टाइपला प्रत्येक वेळी ओळखता येत नाही.

भिंतीतल्या वायरींचा खरा निकाल मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन तपासणारं यंत्र, देतो. ५०० व्होल्ट डीसीवर प्रत्येक सर्किट अर्थशी तपासायचं, आणि आकडा एक मेगओहमच्या खाली असेल तर ती वायर ओढून नवी टाकायची. मेगर लावण्याआधी सगळी इलेक्ट्रॉनिक उपकरणं, डिमर, एलईडीचे चालक सोडवलेले हवेत, नाहीतर तपासणीतच ते मरतात. आकडे कागदावर लिहून मागा. पुढच्या पावसाळ्यात ते कामाला येतात.

बायपास का नको, हे आकड्यात

"आमच्या सोसायटीचं अर्थिंग उत्तम आहे, आरसीसीबी कशाला?" हा युक्तिवाद समजूतदार माणसांकडूनही ऐकायला मिळतो. हिशेब करू. अर्थच्या खड्ड्याचा आणि वाटेचा मिळून रोध ५ ओहम धरला, म्हणजे वाईट नाही. गिझरचा फेज पत्र्याला टेकला तर २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर अर्थला जातील. ३२ अँपिअरची 'सी' प्रकारची एमसीबी झटक्यात पडायला १६० ते ३२० अँपिअर लागतात. ४६ वर ती तासभरही तग धरू शकते, आणि तेवढा वेळ गिझरचं अंग जिवंत. आरसीसीबीला हेच काम करायला ३० मिलिअँपिअर पुरतात. अर्थिंग तिला वाट देतं, तोडायचं काम ती करते. एकाच्या जोरावर दुसरं काढता येत नाही.

टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. दाबूनही पडली नाही तर आरसीसीबी बदला. बटण दाबून पडली म्हणजे अर्थिंग चांगलं आहे असं मात्र समजू नका. ते बटण अर्थिंगला विचारतसुद्धा नाही.

मीटर रूममध्ये उतरून बघा

पार्किंगमधल्या मीटर रूमकडे सोसायटीची समिती वर्षातून एकदा जाते, तेही गणपतीचं सामान काढायला. मंडपाचे बांबू, जुन्या सायकली, उरलेल्या टाइल्सची खोकी मीटरच्या पुढ्यात. मेन स्विचबोर्डासमोर किमान एक मीटर जागा मोकळी असावी असा नियम आहे. रात्री धूर निघाला आणि स्विचपर्यंत पोहोचायला आधी बांबू उपसावे लागले, म्हणजे त्याचं कारण कळतं. वायरिंगच्या आयएस ७३२ या भारतीय मानकाप्रमाणे बोर्डाचा खालचा काठ जमिनीपासून १.२५ मीटरच्या वर हवा, किंवा पुढून पूर्ण दार असलेलं कपाट हवं. पार्किंगमध्ये पाणी शिरणाऱ्या सोसायट्यांनी तर त्याहूनही वर घ्यावा.

बघायचं काय? वास. तापलेल्या वायरी-सॉकेटच्या प्लॅस्टिकचा वास बऱ्याचदा माशासारखा येतो आणि एकदा ओळखला की विसरत नाही. तपकिरी पडलेली किंवा फुगलेली वायरची टोकं. केबलच्या तोंडाला तिला घट्ट धरणारा ग्लँड नसून नुसतं भोक. ॲल्युमिनियमच्या केबलला तांब्याची वायर पिळून टेप मारलेली. असा सैल जोड ०.०५ ओहमचा झाला आणि त्यातून ३० अँपिअर गेले, तर नखाएवढ्या जागेत ४५ वॉट उष्णता तयार होते. अशा जोडाला दोन धातूंचा लग (केबलच्या टोकाला बसणारं टोपण) आणि तो यंत्रानं नीट दाबून केलेला क्रिंपच लागतो.

हाच सैलपणा न्यूट्रलला आला तर गोष्ट गंभीर होते. इमारतीला तीन फेज येतात, फ्लॅट त्यांच्यात वाटलेले असतात. मुख्य न्यूट्रल सुटला की ज्या फेजवर लोड कमी, तिथले व्होल्ट चढतात, ४०० च्या जवळपासही जातात. तेव्हा टीव्ही, फ्रिज, सेट-टॉप बॉक्स एकदम जळतात आणि आरसीसीबी शांत बसलेली असते, कारण गळती झालेलीच नसते. मेन बंद करा, शेजाऱ्यांनाही बंद करायला सांगा आणि महावितरणच्या १९१२ वर कळवा. दोष मीटरच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे त्यांच्या माणसाला ठरवू द्या.

पेठांमधल्या वाड्यांत अजून जिन्याखाली लाकडी फळी आणि तिच्यावर किटकॅट, म्हणजे चिनी मातीचे जुने फ्यूज, दिसतात. फेजला एक, न्यूट्रलला एक. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की घर अंधारात जातं, पण प्रत्येक होल्डरमध्ये फेज उभा असतो. न्यूट्रलवर एकटा फ्यूज किंवा एकटा स्विच नको, फेजबरोबरच तुटणारा जोडस्विच हवा, हे १९५६ च्या भारतीय वीज नियमांपासून लिहिलेलं आहे. तो किटकॅट काढून डबल पोल मेन बसवणं हे वाड्यातलं पहिलं काम, आरसीसीबी त्यानंतर.

मीटर बदलला त्याच आठवड्यात ट्रिप सुरू झाली, अशीही तक्रार हल्ली येते. मीटर गळती तयार करत नाही. मात्र जोडताना फेज-न्यूट्रल उलटे झाले नाहीत ना आणि स्क्रू आवळले आहेत ना, एवढं तपासून घ्या. उलटे झाले असतील तर घरातल्या सगळ्या एमसीबी न्यूट्रल तोडत बसतात. टेस्टरनं कळतं: मेनच्या न्यूट्रल टोकाला दिवा लागला तर उलट. मेनची टोकं झाकणाच्या आत असतात, म्हणून हे वायरमनकडूनच करून घ्या, आणि दुरुस्ती मीटरपाशी असेल तर ती वितरण कंपनीनंच करायची.

डीबी नव्यानं करून घेणार असाल तर दोन गोष्टी आधी ठरवा. ओट्याच्या, सिंकच्या वर किंवा बाथरूममध्ये बोर्ड नको, इंटिरियरवाल्याला तिथं कितीही 'लपवायला सोयीचं' वाटलं तरी. आणि दिव्यांच्या एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट किंवा ८०० वॉटपेक्षा जास्त लोड नको. पॉवरच्या एका सर्किटवर दोनच सॉकेट. सर्किटं जेवढी सुटी, तेवढा पुढच्या ट्रिपचा शोध लवकर लागतो.

गणपतीला कोकणात जाणाऱ्यांची तक्रार वेगळी: आठवड्यानं घरी आलो, आरसीसीबी पडलेली, फ्रिजमधलं सगळं नासलेलं. म्हणून काहीजण फ्रिजची लाइन आरसीसीबीच्या आधीहून घेतात. ते करू नका. फ्रिजला मेननंतर थेट स्वतःचा ३० मिलिअँपिअरचा आरसीबीओ द्या, म्हणजे बाल्कनीतल्या ओलीनं घराची आरसीसीबी पडली तरी फ्रिज चालू राहील. निघताना गिझरचा डबल पोल खाली, वॉशिंग मशीनचा प्लग बाहेर, गच्चीच्या दिव्याची एमसीबी खाली.